घरगुती धंदा : माल करण्यापूर्वी गिऱ्हाईक शोधा

खरिपाची मळणी आटोपून रब्बीची पेरणी झाली, की बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी कामाचे हात पुष्कळ आणि काम थोडे, अशी स्थिती होते. अशा वेळी घरच्या घरी एखादा जोडधंदा करून चार पैसे मिळवावेत, असे कुटुंबाला वाटणे स्वाभाविक आहे. पापड, कुरडया, शेवया, सांडगे, मसाले, लोणची हे जिन्नस करण्याचे कसब या भागातील बहुतेक घरांत आहेच. या कसबाच्या भरवशावर अनेक कुटुंबे व बचत गट धंद्याला हात घालतात. पहिल्या उन्हाळ्यात माल तयार होतो. शेजारी व आप्त तो कौतुकाने विकत घेतात. दुसऱ्या उन्हाळ्यात तसाच माल डब्यात पडून राहतो आणि तिसऱ्या वर्षी धंदा बंद पडतो.

यात माल वाईट असतो असे नाही, आणि करणाऱ्यांचे कष्टही कमी पडत नाहीत. तो माल नेमक्या कोणत्या गिऱ्हाइकासाठी करावयाचा, हे मात्र आधी ठरलेले नसते. जे आपल्याला करता येते ते कोणीतरी घेईलच, असे गृहीत धरून भांडवल गुंतविले जाते.

या भागात ही चूक फार महाग पडते. तालुक्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांच्या हाती येणारी मोठी रोकड म्हणजे मुकादमाकडून घेतलेली उचल. अशा कुटुंबाचे पाच-दहा हजार रुपये न खपणाऱ्या मालात अडकले, तर पुढील हंगामात तेवढी उचल अधिक घ्यावी लागते आणि ती फेडण्यासाठी कोयता तितके दिवस अधिक चालवावा लागतो. उलट, धंदा बेताचा परंतु नेमका चालला, तर घरातील एखादी स्त्री व तिची शाळेत जाणारी मुले हंगामभर गावी राहू शकतात. म्हणून घरगुती धंद्याचा विचार हौस म्हणून न करता पिकाच्या निवडीइतक्याच काळजीने केला पाहिजे.

बाजारातील मोकळी जागा

शेतकरी पेरणीपूर्वी जमिनीचा मगदूर पाहतो. त्याचप्रमाणे धंदा करणाराने बाजाराचा मगदूर पाहावा. बाजारात असंख्य वस्तू असल्या तरी काही गरजा अपुऱ्या राहिलेल्या असतात. अशा अपुऱ्या गरजेलाच बाजारातील मोकळी जागा म्हणता येईल. ती साधारणतः तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार म्हणजे वस्तू हवी आहे, पण ती त्या ठिकाणी मिळतच नाही. दुसरा म्हणजे वस्तू मिळते, पण तिचा भरवसा नाही; आज चांगली तर उद्या भेसळीची. तिसरा म्हणजे वस्तू मिळते व चांगलीही असते, परंतु गिऱ्हाइकाला हव्या त्या मापात, हव्या त्या वेळी किंवा हव्या त्या रूपात मिळत नाही. मोठ्या कारखान्याशी भावाची स्पर्धा करणे घरगुती धंद्याला शक्य नाही. परंतु या तीन जागांपैकी एखादी हेरून ती नीट भरून काढणे त्याला निश्चित शक्य आहे.

गिरगावातील सात स्त्रियांचा धडा

श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तिचा आरंभ मात्र अगदी लहान होता. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती स्त्रिया पापड लाटण्यास बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये आणि पहिल्या दिवसाचा माल होता चार पाकिटे. हा माल भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकण्यात आला. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. आज या संस्थेत देशभरातील हजारो स्त्रिया काम करतात. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

या इतिहासातील तीन गोष्टी घरगुती धंदा करणारांनी विशेष लक्षात घ्याव्यात. एक, माल कोठे द्यावयाचा हे प्रथमपासून ठाऊक होते आणि खप पाहूनच पुढचा माल करण्यात आला. दोन, सुरुवातीस एक उंची व एक स्वस्त असे दोन प्रतींचे पापड करण्याचा विचार होता. परंतु त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमसी पारेख यांनी एकच चांगली प्रत ठेवावी, तिच्यात तडजोड करू नये आणि हिशेब चोख ठेवावा असा सल्ला दिला व तो पाळण्यात आला. तीन, पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने पापड वाळविता न आल्यामुळे काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती करण्यात आली. वर्षभर माल पुरविला नाही, तर मिळालेली जागा दुसरा घेतो, हे त्यांनी ओळखले.

तथापि यावरून ‘आपणही पापडच करावेत’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. मुंबईच्या कुटुंबात पापड लाटण्यास जागा नव्हती व वेळ नव्हता, म्हणून तेथे तयार पापडाला जागा होती. कड्याच्या शेतकऱ्याच्या घरी अंगण आहे, ऊन आहे आणि लाटणाऱ्या बायकाही आहेत. तेथे पापड विकत कोण घेणार?

जवळची दोन उदाहरणे

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. या परिसरातील दूध दूरच्या शहरापर्यंत ताजे पोचविणे पूर्वी कठीण होते. दूध नासते, खवा त्याहून टिकतो. म्हणून खव्याच्या भट्ट्या वाढल्या. तीर्थाला येणाऱ्या माणसाला घरी नेण्यासाठी काही गोड हवे असते. म्हणून पेढा प्रसिद्धीस आला. मालाची अडचण आणि गिऱ्हाइकाची गरज यांची येथे बरोबर सांगड पडली.

दुसरे उदाहरण सोलापूरच्या कडक भाकरीचे. ज्वारी-बाजरीची भाकरी घरोघर होते, तरीही ती पातळ थापून, कडक वाळवून, टिकाऊ रूपात दिल्याबरोबर प्रवासी, नोकरदार आणि पुण्या-मुंबईकडे राहणारी कुटुंबे तिची गिऱ्हाइके झाली. वस्तू जुनीच होती. नवे होते ते तिचे रूप व तिचा ग्राहक.

कड्याच्या बाजारात काय पाहावे

कडा हे अहिल्यानगर-जामखेड मार्गावरील बाजाराचे गाव आहे. येथील बाजार समितीत कांद्याची आवक होते. अहिल्यानगर ते आष्टी हा लोहमार्ग २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाला व कडा हे त्यावरील एक स्थानक झाले. १७ सप्टेंबर २०२५ पासून गाडी पुढे बीडपर्यंत जाऊ लागली. तेव्हा कड्याचे गिऱ्हाईक केवळ कड्यातच शोधण्याचे कारण नाही. येथे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचे गट पाडून प्रत्येकाची गरज निरनिराळी तपासावी.

बाजाराला येणारे शेतकरी : हे संख्येने सर्वांत अधिक, परंतु वाळवणे, मसाले, पिठे ही त्यांच्या घरीच होतात. त्यांच्यावर विसंबून असा माल करू नये.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबे : यांना निघण्यापूर्वी टिकाऊ, स्वस्त आणि चुलीवर फार वेळ न खाणारे कालवण हवे असते. शेंगदाणा, कारळे व जवस यांच्या कोरड्या चटण्या त्यांना भाकरीबरोबर उपयोगी पडतात. मात्र ही विक्री मोजक्या आठवड्यांची आहे. माल दसऱ्यापूर्वी तयार पाहिजे. उशीर झाला तर गिऱ्हाईक थेट गुढीपाडव्याच्या सुमारास परतते.

बाजार समितीतील हमाल, गाडीवान व व्यापारी : यांना वेळेवर ताजी भाकरी व भाजी हवी असते. येथे पाकीटबंद मालापेक्षा शिजवलेल्या अन्नाला जागा असू शकते. आवक घटताच हा खपही घटतो, हे ध्यानात ठेवावे.

यात्रेकरू : आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मच्छिंद्रनाथांचे मायंबा आणि पाथर्डी तालुक्यात कानिफनाथांची मढी ही जागृत स्थाने आहेत. यात्रेच्या दिवसांत गर्दी मोठी असते, पण ती वर्षभराचे उत्पन्न देऊ शकत नाही.

शहरात स्थायिक झालेली कुटुंबे : नोकरीसाठी पुणे, अहिल्यानगर येथे गेलेली येथील मंडळी दिवाळी, लग्नसराई व यात्रेला गावी येतात आणि जाताना गावच्या चवीचे काहीतरी बरोबर नेतात. त्यांच्या घरी वाळविण्यास जागा नाही, मसाल्याचे दळण दळून देणारी गिरणी सहजी सापडत नाही आणि गावची चव शहराच्या दुकानात मिळत नाही. या गटाची गरज वर्षभर टिकणारी आहे आणि भरवशाच्या मालाला रास्त भाव देण्याची त्यांची तयारीही असते.

एका जिनसाची पारख : येसर

वरील पाहणीचा उपयोग कसा करावयाचा, हे येसराच्या उदाहरणाने पाहू. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ इत्यादी धान्ये वेगवेगळी भाजून, त्यांत मिरची, धने व इतर मसाले मिसळून जे दळण करतात ते येसर. ते पाण्यात कालवून फोडणीत सोडले, की आमटी तयार होते. मराठवाड्यातील व नगरकडील लग्नाच्या पंगतीत ही आमटी अनेकांनी खाल्लेली असते.

येसर शहरातील आपल्या भागच्या कुटुंबांना हवे असते. प्रत्येक धान्य वेगळे भाजावे लागत असल्यामुळे थोड्यासाठी ते करणे त्यांना परवडत नाही. चांगले भाजलेले व कोरडे दळण टिकते, प्रवासात सांडत वा नासत नाही. लागणारे बहुतेक धान्य येथेच पिकते. म्हणजे गिऱ्हाईक, गरज, टिकाऊपणा आणि कच्चा माल या चारही कसोट्यांना येसर उतरते. हुलग्याचे शेंगोळ्याचे पीठही याच रीतीने पारखता येईल.

याउलट सीताफळाचे पाहावे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि केंद्र शासनाच्या २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बीड जिल्ह्यासाठी हेच फळ निवडण्यात आले. फळाला नाव आहे, मागणीही आहे. परंतु गर हवेत काळवंडतो व तो टिकविण्यासाठी गोठवून ठेवावा लागतो. शीतसाधने नसलेल्या घराने हा धंदा एकट्याने हाती घेणे धोक्याचे आहे. ज्याला नाव आहे तो प्रत्येक जिन्नस घरगुती धंद्याला योग्यच असतो, असे नाही.

हिशेब आधी मांडावा

जिन्नस ठरल्यावर एका घाण्याचा हिशेब कागदावर मांडावा. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष भाव ज्याने त्याने आपल्या बाजारात पाहावेत.

धान्य व डाळी ९ किलो, दर ७० रुपये : ६३० रुपये
मिरची, धने व इतर मसाले २ किलो, दर ३०० रुपये : ६०० रुपये
सरपण किंवा गॅस : ६० रुपये
दळणावळ : ११० रुपये
पिशव्या व लेबले ४० : १६० रुपये
वाहतूक : १४० रुपये
एकूण रोख खर्च : १,७०० रुपये
घरची मजुरी, तीन दिवस, दर ३०० रुपये : ९०० रुपये
एकूण खर्च : २,६०० रुपये

भाजण्या-दळण्यातील घट जाऊन १० किलो येसर, म्हणजे पाव किलोची ४० पाकिटे हाती येतात असे धरू. मजुरी न धरल्यास पाकीट साडेबेचाळीस रुपयांना पडते आणि ५५ रुपयांना विकून साडेबारा रुपये सुटल्याचा भास होतो. मजुरी धरली, तर पाकीट ६५ रुपयांना पडते; म्हणजे तोच व्यवहार दर पाकिटामागे १० रुपये तोट्याचा आहे. घरच्या बायकांचे श्रम फुकट धरणारा धंदा त्या श्रमांवरच चालतो. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेल्यास मिळणारी मजुरीसुद्धा जर त्यातून सुटत नसेल, तर तो धंदा करण्यात अर्थ नाही.

आता ४० पैकी ४ पाकिटे पडून राहिली असे समजू. मग विकल्या गेलेल्या प्रत्येक पाकिटावर सुमारे ७२ रुपये खर्च पडतो. छापील किंमत ८० रुपये ठेवून थेट गिऱ्हाइकाला ३६ पाकिटे विकली, तर २,८८० रुपये येतात व २८० रुपये शिल्लक राहतात. तोच माल दुकानदाराला ६८ रुपयांनी दिला, तर २,४४८ रुपये येतात व १५२ रुपये तोटा होतो. शिवाय पैसे महिन्याभराने मिळतात, ते वेगळेच. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. लहान धंद्यात न खपलेला माल नफा खाऊन टाकतो. आणि प्रारंभी थेट विक्रीच अधिक हितावह असते.

चाचणी विक्री

हिशेब जुळला तरी एकदम क्विंटलभर माल करू नये. अंथरूण पाहूनच पाय पसरावेत. पहिला घाणा १० किलोचाच करावा आणि तो फुकट वाटू नये. पूर्ण भावाने विकावा. काही पाकिटे शहरातील आप्तांच्या शेजाऱ्यांना, काही एखाद्या खाणावळीला, काही एका दुकानात व काही बाजाराच्या दिवशी विकून पाहावीत. कोणी किती घेतली, काय म्हणाले आणि किती दिवसांनी पुन्हा मागितली, याची वहीत नोंद ठेवावी.

वाहवा म्हणजे मागणी नव्हे. घरी आलेला पाहुणा चवीची स्तुती करतो, ती शिष्टाचार म्हणून. ज्याने स्वतःच्या पैशाने पाकीट घेतले आणि ते संपल्यावर आपण होऊन दुसरे मागितले, तोच खरा गिऱ्हाईक. दोन-तीन महिन्यांत असे पुन्हा मागणारे मोजकेच निघाले, तर माप, तिखटपणा किंवा भाव बदलून आणखी एक घाणा करून पाहावा. त्यानेही भागले नाही, तर तो जिन्नस सोडून द्यावा. एका घाण्याचा तोटा सोसता येतो. कर्ज काढून केलेल्या वर्षाच्या मालाचा सोसत नाही.

जागा मिळाल्यावर ती राखावी

मिळालेले गिऱ्हाईक टिकते ते सारखेपणावर. धान्य-मसाल्याचे प्रमाण मापून लिहून ठेवावे. ‘अंदाजाने’ टाकू नये. प्रत्येक घाण्यातील एक पाकीट तारीख घालून घरी ठेवावे, म्हणजे तक्रार आल्यास पडताळून पाहता येते. भाजण कच्चे राहिले किंवा पाकिटात ओल गेली, तर बुरशी व पोरकिडे लागतात. म्हणून दळण पूर्ण थंड झाल्यावरच भरावे. वजन काट्यावर करावे.

विक्रीसाठी अन्नपदार्थ करणाऱ्या लहान धंद्यालाही अन्नसुरक्षा कायदा, २००६ खाली नोंदणी करावी लागते. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत, कमाल किरकोळ किंमत, करणाराचे नाव-पत्ता व नोंदणी क्रमांक छापावेत. याकडे जाच म्हणून पाहू नये. अनोळखी गिऱ्हाइकाला करणाराचे तोंड दिसत नाही. लेबल हीच त्याची ओळख असते.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

एका गावात तीस स्त्रियांना एकाच दिवशी एकच पदार्थ शिकविला, की त्या तीसजणी एकमेकींच्या स्पर्धक होतात. ग्रामकार्यकर्त्यांनी प्रशिक्षणापूर्वी बाजाराची पाहणी करवून घ्यावी. गटातील दोन-दोन स्त्रियांना एकेका ग्राहकवर्गाकडे पाठवून पुढील प्रश्न विचारण्यास सांगावे :

१. हा जिन्नस सध्या कोठून घेता? किती व किती दिवसांनी?
२. त्यात काय कमी वाटते?
३. कोणत्या मापाचे पाकीट सोयीचे पडेल?
४. मिळत नाही म्हणून तुम्ही काय वापरता?

‘आम्ही केले तर घ्याल का?’ हा प्रश्न मात्र विचारू नये. त्याला सर्वजण ‘हो’ म्हणतात. उत्तरे गटाच्या बैठकीत मांडून जिन्नस ठरवावा. एका गटाने येसर घेतले, तर दुसऱ्याने चटण्या किंवा शेंगोळ्याचे पीठ घ्यावे. म्हणजे एकच गिऱ्हाईक सर्वांकडून काही ना काही घेईल आणि शहरात माल पाठविण्याचा खर्चही वाटला जाईल. कर्जाची व अनुदानाची माहिती यानंतर द्यावी. अनुदान मिळते म्हणून यंत्र आणि यंत्र आले म्हणून माल, हा क्रम उलटा आहे.

पाहणीअंती मोकळी जागा आढळली नाही, तर ‘यंदा हा धंदा करू नका’ असे स्पष्ट सांगण्याचा धीर कार्यकर्त्याजवळ असावा. ज्या घराचा पुढचा हंगाम उचलीवर अवलंबून आहे, त्याचे पाच हजार रुपये वाचविणे हेही विस्तारकार्यच होय. आणि जागा आढळली, तर ती चार पाकिटांपासूनच भरावयास लागावे.